पाटावरचा हवालदार

पोथीची समाप्ती आणि लेकीचं, शकुनचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, एकाच दिवशी उरकायचं, ही पंजाबराव गावंड्यांची अक्कल. त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, आधीच हात झटकले होते. "एक काम धड होऊ द्याचं नाई तुमाले," एवढं बोलून त्या पुरण वाटायला बसल्या. पण अकोल्याची माणसं चैत्र पुनवेलाच नांदगावात यायला राजी झाली, आणि गावंड्यांच्या घरची पोथीही दरसाल चैत्र पुनवेलाच संपायची. पंजाबरावांना त्यात देवाचा हात दिसला. सोयीच्या प्रत्येक गोष्टीत त्यांना तो दिसायचा.

सकाळच्या मोटारीनं दोघंच आली होती. नवरदेवाचा बाप महादेवराव इंगोले, जो शब्दाला महाग होता. आणि त्याची थोरली बहीण केशरबाई, जी तशी अजिबात नव्हती. केशरबाईचा नवरा ऐन तारुण्यात बैराग्यांच्या मागे निघून गेला, तो परतलाच नाही. तेव्हापासून ती अकोल्याच्या जुन्या शहरात भावाच्या घरी होती आणि त्या घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावायची. गेलेल्या नवऱ्यासाठी नव्हे, बघणाऱ्यांची तोंडं बंद करायला.

नवरदेव दिगंबर शाळामास्तर. तो महिन्यापूर्वी येऊन मुलगी बघून गेला होता, आणि जाताना त्यानं शकुनला असा प्रश्न विचारला होता, जो मुलगी बघायला आलेला कोणी विचारत नाही. "पुढं शिकशील का?" शकुनची शाळा चौथीला सुटली होती, कारण नांदगावात पोरींची शाळा चौथीलाच संपायची. ती "हो" म्हणाली, ते इतक्या चटकन की आतून वहिनीनं डोळे वटारले. दिगंबर म्हणाला होता, सातवीला बसवीन. त्या दिवसापासून शकुनचं जेवणावर लक्ष नव्हतं.

पण दिगंबरच्या पसंतीला अकोल्यात काडीची किंमत नव्हती. केशरबाई "हो" म्हणेल तर लग्न. आणि केशरबाई इथवर आली होती ती एकाच गोष्टीवर. पंजाबरावांनी तिला निरोप धाडला होता की घर शिकलेलं आहे, धाकटा मुलगा नत्थुजी फौजेत जमादार झाल्यातच जमा आहे आणि घरी कागद इंग्रजीतून लिहितो.

"मंग वाचून कोन राहिलं आज?" ओसरीवर बसकण मारत केशरबाईनं विचारलं. समोर चौरंगावर पोथी, समईची वात सरळ, आणि पाटावर धुतलेलं धोतर नेसून शेषराव, घरातला थोरला.

पंजाबरावांनी छाती पुढं काढली. "पाडव्यापासून शेषराव वाचून राहिला. पन आज समाप्तीचा अध्याय नत्थू वाचते, सुट्टीवर आला आहे. शेषराव, ऊठ बाबू. बसू दे त्याले."

शेषरावला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पाडव्यापासून रोज पहाटे अंघोळ करून, ओरडून ओरडून घसा त्यानं बसवला होता. घरात सातवी पास तो एकटा. तरी गावात शिकलेला कोण, तर नत्थू. का, तर नत्थूचे कागद इंग्रजी अक्षरांत येत आणि ते वाचून घ्यायला शाळेच्या हेडमास्तरांकडे, कमलाकांतरावांकडे जावं लागे. हेडमास्तर कागदावरून नजर फिरवत आणि मतलब तेवढा मराठीत सांगत. पंजाबराव तो कागद खिशातून अर्धा बाहेर ठेवून बाजारातून घरी येत. शेषरावच्या सातवीचा दाखला कधी कोणाच्या खिशात मिरवला नव्हता. शिकलेला मुलगा वखरामागं, आणि गुरं राखलेला मुलगा शिकलेला.

आणि शेषरावला एक गोष्ट ठाऊक होती, जी पंजाबरावांना नव्हती. परवा दोर आणायला तो कापसाच्या खोलीत गेला, तेव्हा बोऱ्यावर बसलेला नत्थू मांडीवर पाटी घेऊन "क ला काना का" करत होता आणि शेजारी बसून शकुन त्याची चूक पुसत होती. तो आल्या पावली मागं फिरला. त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली होती.

आता एक शब्द पुरला असता. 'बाबा, नत्थूचा घसा बसला आहे.' तेवढंच. शेषरावनं पोथीचं पान नीट सरकवलं आणि पाटावरून उठला.

नत्थुजी बसला. तसं म्हटलं तर त्यालाही एक शब्द पुरला असता, आणि दाराआडून शकुन तोच शब्द डोळ्यांनी मागत होती. नाही म्हणा, भाऊ. पण त्या पाटावर बसायला बापानं त्याला जन्मात पहिल्यांदा सांगितलं होतं. शाळेत घालायच्या वेळी पंजाबराव म्हणाले होते, एकाला पाटी, एकाला बैल. नत्थूच्या वाट्याला बैल आले. बारा गावची धूळ अंगावर घेऊन मोठा झालेला तो पोरगा लढाईच्या दिवसांत अकोल्याला पळून गेला आणि भरती झाला.

फौजेत त्याला कोणी विचारलं नाही, पाटी हवी की बैल. तिथं रंगरुटाला परेड झाली की झाडाखाली बसवत आणि फळ्यावर अक्षरं काढत. अक्षरं साहेबाची, बोली हिंदुस्तानी. पंजाबी, गढवाली, मद्रासी, सगळे एका सुरात ओरडत. पानी, रोटी, बंदूक. असंच शिकून नत्थूनं तिसऱ्या दर्जाचं सर्टिफिकेट घेतलं, मग दुसऱ्या दर्जाचं, तेव्हा कुठं बाहीवर फिती चढल्या. पहिल्यांदा स्वतःच्या हातानं घरी कागद लिहिला, त्या रात्री त्याला रडू आलं होतं. तो कागद घरी इंग्रजी म्हणून मिरवतो आहे, हे त्याला सुट्टीवर आल्यावर कळलं. तेव्हा सांगायला हवं होतं. पण बाप ज्या तोऱ्यानं चालत होता, तो तोरा मोडायला जीभ वळली नाही.

मग राज्य आपलं आलं आणि फौजेनं साहेबाची अक्षरं पुसली. इथून पुढं हिंदी, आणि तीही नागरीत. जुन्या हवालदारांना पुन्हा बाकावर बसवलं. ओठावर मिसरूड नसलेला मास्टर त्यांना "अ अनार का" शिकवायचा, आणि मागं बसलेली नवी पोरं गालात हसायची. नत्थू पहिल्या खेपेला नापास झाला. म्हणूनच सुट्टीवर आल्यापासून रोज दुपारी तो कापसाच्या खोलीत बहिणीसमोर बसत होता. साधी अक्षरं बसली होती. जोडाक्षरांशी नुकती गाठ पडली होती.

अध्यायाची सुरुवात त्यानं खणखणीत केली. लहानपणी गुरं बांधता बांधता ऐकलेली, म्हणून पाठ. पंजाबरावांनी महादेवरावांकडे पाहिलं. केशरबाईनं पदर सावरून मान डोलावली. मग पाठ होतं तेवढं संपलं.

नत्थूनं पानावर बोट ठेवलं. एक शब्द काढला. दुसरा काढला. तिसऱ्यात एकावर एक चढलेली दोन अक्षरं होती. तो थांबला. 

"काय झालं?" केशरबाई म्हणाली. "घसा बसला का?"

नत्थूनं थोरल्या भावाकडे पाहिलं. शेषराव सारवलेल्या जमिनीकडे बघत होता.

"नाई," नत्थू म्हणाला. "मले वाचता येऊन नाई राहिलं."

"मजाक नको करू, नत्थू," पंजाबराव हसले. 

"मजाक नाई, बाबा. मले नागरी येत नाई. शिकून राहिलो."

केशरबाईनं भुवया वर केल्या. "म्हंजे इंग्रजी येते, अन् आपली अक्षरं नाई? असा कोनता मानूस रायते?"

"इंग्रजी बी येत नाई, आत्याबाई. अक्षरं इंग्रजी, बोली हिंदी. फौजेत तसंच शिकवत. थेच लिहून धाडो मी."

"अन् जमादार?"

"हवालदारच हावो. दिवाळीच्या आंधी नागरीतली परीक्षा आहे. पास झालो तं जमादार. नाई तं मुदत सरली का घरी."

पंजाबरावांचा हात नकळत छातीवरच्या खिशाकडे गेला. तिथं शेवटचा कागद होता. त्यांनी तो आत ढकलला. चेहरा असा झाला की शेषरावला तिकडे बघवेना. बापाची फजिती व्हावी म्हणून तो सकाळपासून गप्प होता असं नाही. नत्थूची व्हावी एवढंच त्याला हवं होतं. पण फजितीला घर ओळखता येत नाही, ती समोर दिसेल त्याला धरते.

केशरबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "महादेव, ऊठ. मोटार भेटते अजून. शिकलेलं घर म्हनून आनलं, अन् आमच्या डोयापुढं पोथी खंडली. अशा घरची पोट्टी नेऊन कोनता दिवा लावाचा?"

दाराआड रुख्मिणीनं, नत्थूच्या बायकोनं, शकुनचं मनगट धरलं. घट्ट धरावं लागलं. शकुनला त्या क्षणी दिगंबरचा चेहरा आठवत नव्हता. तिला सातवीचं पुस्तक आठवत होतं, जे तिनं अजून पाहिलेलंही नव्हतं. माझ्यामुळे झालं, असं तिला वाटलं. मी जोडाक्षरं आधी शिकवायला हवी होती.

ओसरीवर नत्थूनं चौरंगाला हात जोडले आणि पाटावरून उठायला टाच टेकली. तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. नांगर धरून कठीण झालेला हात.

"बस," शेषराव म्हणाला. "उठू नको."

"दादा, तूच वाच आता. मले नाई येत."

"उठू नको म्हनतो ना."

पुढं काय बोलायचं, हे शेषरावला माहीत नव्हतं. ते दुर्गाबाईंना माहीत होतं. त्या स्वयंपाकघरातून तशाच आल्या, दोन्ही हात पुरणानं भरलेले.

"पोथी खंडली असं कोन म्हनते?"

"मी म्हटलं," केशरबाई म्हणाली.

"वाचनारा पाटावरून उठला तं पोथी खंडते, विहीनबाई. माहा पोरगा बसून आहे."

"अडून बसला आहे."

"अडला. उठला नाई. माह्या सासऱ्याले दमा होता, एकेका ओवीले थांबत. पोथी खंडली असं कवा कोनी म्हटलं नाई." दुर्गाबाईंनी हात पदराला न पुसता तसेच धरून ठेवले होते. "अन् अध्याय चालू असताना ऐकनारा उठून गेला, तं त्याचा दोष कोनाले लागते, थे तुमाले मी सांगावं का? तुमी जान्त्या."

केशरबाई उभीच राहिली. रिवाजाच्या बाबतीत तिला आजवर कोणी पेचात पकडलं नव्हतं, तिनंच लोकांना पकडलं होतं. महादेवरावांनी बहिणीकडे पाहिलं आणि आपली बैठक सोडली नाही. अखेर ती बसली. बसताना एवढंच म्हणाली, "पाहू मंग. केवळा टैम लागते थे पाहू."

"लागते तेवळा लागन," दुर्गाबाई म्हणाल्या. "समाप्ती झाल्याबिगर या घरी कोनी जेवत नाई. वाच रे, बाप्पा."

नत्थूनं पुन्हा बोट ठेवलं. शेषराव त्याच्या पाठीशी बसला आणि अडलेला शब्द पुरा बोलून मोकळा झाला.

"पुरा नको सांगू, दादा," नत्थू पानावरून नजर न काढता म्हणाला. "अक्षर सांग. शब्द मी काहाडतो."

मग ते सुरू झालं. नांदगावात त्याआधी किंवा नंतर अशी पोथी कोणी ऐकली नसेल. नत्थू अक्षर काढी, अडे, शेषराव हळूच सांगे, नत्थू अक्षरं गोळा करून शब्द करी आणि मोठ्यानं म्हणे, फौजेतल्यासारखा, ताठ बसून. ओवी पुरी झाली की ती पुन्हा पहिल्यापासून म्हणे. तसं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. झाडाखालच्या वर्गात तशी सवय होती. ऊन ओसरीवरून सरकत अंगणात गेलं. कटाची आमटी थंड झाली. अकोल्याकडची दुपारची मोटार भोंगा वाजवत गेली, तो सगळ्यांनी ऐकला आणि कोणी उठलं नाही.

शेषरावचा धीर मात्र संपत चालला होता. एकच जोडाक्षर तिसऱ्यांदा आलं आणि नत्थू तिसऱ्यांदा अडला, तेव्हा त्याचा तोल सुटला.

"बह्याड, आत्ता तं सांगितलं! डोस्क्यात काय भुसा भरला आहे?"

नत्थूची मान खाली गेली. वीस वर्षांपूर्वी गोठ्यात धाडताना बापानंही असंच म्हटलं होतं.  तेवढ्यात आतून आवाज आला.

"अर्धा त आहे थो, भाऊ. काल शिकवला. पाटीवर तुमी साजरा लिहिला होता, आठवा."

साक्षगंधाच्या दिवशी, कुंकू लागायच्या आधी, नवरी मुलगी पाहुण्यांदेखत बोलली होती. रुख्मिणीनं कपाळावर हात मारला. केशरबाईनं मान वळवून दाराकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली.

"अर्धा त," नत्थू पुटपुटला. मग त्यानं शब्द काढला, बरोबर काढला, आणि मोठ्यानं म्हणाला.

"माहं चुकलं," शेषराव खालच्या आवाजात म्हणाला. कशाबद्दल ते त्यानं सांगितलं नाही.  "वाच पुढं."

शेवटच्या पानावर शेषरावनं सांगणं थांबवलं. आपण थांबलो आहोत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. नत्थू एकटाच वाचत होता. हळू, पण एकटा. शेवटची ओवी संपली तेव्हा त्यानं पानावरचं बोट उचललं नाही, तिथंच ठेवून डोळे मिटले. दुर्गाबाईंनी आरतीचं ताट आणलं.  आरती झाली, तशी पंजाबरावांनी दोन्ही मुलांच्या डोक्यावर एकेक हात ठेवला आणि म्हणाले, "दोघाईले धाडाले पायजे होतं शाळेत. माहीच मत मारी गेली." एवढ्या माणसांत त्यांनी ते म्हटलं, याचं दुर्गाबाईंना आरतीपेक्षा अप्रूप वाटलं.

पंगत उठली तेव्हा दिवस कलला होता. पुरणपोळ्या थंड होत्या आणि भुकेल्या माणसांनी त्या मुकाट खाल्ल्या. सोयरीक पक्की करायचा नारळ अजून कोनाड्यातच होता. महादेवरावांनी हात धुतले, सुपारी तोंडात टाकली आणि त्या दिवसातलं पहिलं लांब वाक्य बोलले.

"पोट्टी चांगली आहे, पन घाई काहून कराची? दिवाळीची परीक्षा होऊ द्या. जमादार झाला, का मंग पाहू."

पंजाबराव नुसते मान हलवत राहिले. 'मंग पाहू' म्हणजे काय, हे मुलगी असलेल्या प्रत्येक बापाला कळतं. नत्थू चौरंगाजवळ उभा होता. दिवाळीला नापास झालो तर, हा एकच विचार त्याच्या डोक्यात होता, आणि त्यात आता जमादारी कुठंच नव्हती, शकुन होती.

केशरबाई आत गेली होती, निरोपाचं कुंकू लावून घ्यायला. शकुननं करंडा पुढं केला. केशरबाईनं कुंकू लावून घेतलं नाही. रुख्मिणी पाणी आणायला वळली, तशी केशरबाई शकुनच्या जवळ सरकली.

"अर्धा त तुनं शिकवला त्याले?"

"हाव."

"किती दिसात शिकला थो एवळं?"

"सुट्टीवर आल्यापासून. रोज दुपारी बसत."

केशरबाईनं दाराबाहेर नजर टाकली. भावाला ऐकू जाणार नाही इतका तो लांब होता. दुपारभर, नत्थू पानावर बोट फिरवत असताना, केशरबाईचं बोटही तिच्या गुडघ्यावर लुगड्यावरून फिरत होतं. ते शकुननं दाराच्या फटीतून पाहिलं होतं आणि तिला ते भुकेनं चाललं आहे असं वाटलं होतं.

"मले येईन का?" केशरबाई म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की तो तिचाच आहे हे कळायला शकुनला क्षण लागला. "या उमरीत?"

 नत्थूभाऊला पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं, तेच शकुननं सांगितलं.

"येईन. पन रोज बसा लागन, आत्या."

केशरबाईनं तिच्या हातातला करंडा घेतला, बोट बुडवलं आणि शकुनच्या कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू टेकवलं. मग तिथूनच ओसरीकडे हाक दिली, तिच्या नेहमीच्या आवाजात.

"महादेव, दिवाळीपावतर कोन थांबते? थो नारय आन इकडे."